लाईट आली की टॅली बंद: छोट्या ऑफिसातला स्टॅटिक आयपीचा घोळ

लाईट जाते, अर्ध्या तासाने येते, सगळे कॉम्प्युटर चालू होतात आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली कंपनी, म्हणजे धंद्याचं खातं, मात्र उघडत नाही. प्रिंटर ‘ऑफलाईन’ दाखवतो. इंटरनेट एका टेबलावर चालतं, शेजारच्या टेबलावर नाही. मग कुणीतरी राऊटरचा प्लग काढून परत लावतं, सर्व्हर, म्हणजे टॅलीचा डेटा ठेवलेला कॉम्प्युटर, बंद-चालू करतं आणि सगळं सुरळीत होतं. पुढच्या वेळी लाईट गेली की पुन्हा तेच.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे कारखाने, नवी पेठेतली दुकानं, मार्केट यार्डातल्या अडती अशा ठिकाणी मी नेटवर्कचं काम करतो. पाच-दहा कॉम्प्युटर, एक-दोन प्रिंटर, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर, बोटाच्या ठशाचं हजेरी मशीन आणि नेटवाल्याने बसवून दिलेला राऊटर, एवढाच पसारा असतो. ‘सर, टॅली उघडंना झालंय’ असा फोन आला की बहुतेक वेळा मूळ एकच निघतं: एकाच आयपी पत्त्यावर, म्हणजे नेटवर्कमधल्या ओळख-क्रमांकावर, दोन उपकरणं. बंद-चालू केल्याने ती वेळ निभावते, पत्ता मात्र दोघांच्या नावावर तसाच राहतो. म्हणूनच हा त्रास जाऊन-येऊन असतो, आणि म्हणूनच लोक तो वर्षानुवर्षं सहन करतात.

नेमकं काय बिघडतं

सर्व्हरला कुणीतरी कधीतरी हाताने १९२.१६८.१.५ हा पत्ता दिलेला असतो (यालाच स्टॅटिक आयपी म्हणतात), कारण बाकीच्या कॉम्प्युटरवर टॅलीचा डेटा पाथ, म्हणजे डेटा कुठे आहे तो मार्ग, याच पत्त्याने लिहिलेला आहे. इथवर काही चूक नाही. पण राऊटरला हे कुणी सांगितलेलं नसतं. येईल त्याला आपोआप पत्ता वाटण्याचं काम राऊटरमधला डीएचसीपी करतो, आणि पुष्कळ राऊटरांत त्याचा पूल, म्हणजे वाटायच्या पत्त्यांचा साठा, शेवटच्या आकड्यात २ पासून २५४ पर्यंत पसरलेला असतो. म्हणजे सर्व्हरचा ५ नंबरही त्याच्या हिशेबात वाटायला मोकळाच.

सर्व्हर चालू असतो तोवर हे लपून राहतं, कारण बरेच राऊटर पत्ता देण्याआधी तो वापरात आहे का हे तपासून घेतात. खरी गडबड लाईट आल्यावर होते. राऊटर एक-दोन मिनिटांत उठतो. स्वस्त मॉडेलमध्ये कोणाला कोणता पत्ता दिला होता याची यादी तोवर पुसली गेलेली असते. मोबाईल बॅटरीवर जागेच असतात. वायफाय दिसलं की लगेच पत्ता मागतात. सर्व्हर मात्र कुणीतरी बटण दाबेपर्यंत बंद. तेवढ्यात त्याचा पत्ता एखाद्या मोबाईलला गेला की संपलं. सर्व्हर उठतो, विंडोज आपल्या पत्त्यावर आधी कुणी आहे का हे विचारतं, उत्तर आलं की तो पत्ता बाजूला ठेवतं आणि १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता स्वतःच घेऊन बसतं. त्या पत्त्यावरून ना टॅली चालते ना इंटरनेट.

यासाठी लाईट जायलाच हवी असंही नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२ च्या वर गेला की पत्र्याच्या शेडखाली भिंतीला ठोकलेला राऊटर तापून आपणहून रीस्टार्ट होतो आणि ‘लाईट तर गेलीच नव्हती’ म्हणून माणसं चक्रावतात. राऊटर छतापासून खाली घ्या, मागची-बाजूची जाळी मोकळी ठेवा. कारखान्यात त्या जाळीत सुताची रुई थरच्या थर बसलेली असते.

आधी बघा, मग बंद करा

माझा आग्रह एवढाच की त्रास चालू असताना राऊटर बंद करू नका. बंद केलात की पुरावाच जातो.

अडलेल्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ द्या. अर्थात टाइप सगळं इंग्रजीतूनच करायचं, आकडेसुद्धा. पत्त्याच्या ओळीत ‘डुप्लिकेट’ हा शब्द कंसात दिसला, किंवा १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर निदान अर्धं झालं. दोन्ही एकत्र दिसले तर शंकाच नको. नुसता १६९.२५४ आहे आणि पत्ता आपोआप घ्यायचं सेटिंग आहे, तर मात्र वेगळा अर्थ: कॉम्प्युटर राऊटरपर्यंत पोचतच नाही. अशा वेळी वायर आणि स्विचचे दिवे बघा, आयपीच्या मागे लागू नका.

समोरचा कोण आहे हेही विंडोज सांगतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘विंडोज लॉग्ज’, त्यात ‘सिस्टिम’, तिथे ‘टीसीपीआयपी’ या स्रोताची ४१९९ क्रमांकाची नोंद शोधा. पत्त्याचा संघर्ष झाला तेव्हा समोरच्या उपकरणाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक, कोणता होता तो त्या नोंदीत असतो, तारीख-वेळेसकट. बंद-चालू केल्यानंतरही ही नोंद राहते. आठवड्यापूर्वीचा घोळसुद्धा तिथून उलगडता येतो.

एका टॉवेल कारखान्यात महिनोन्‌महिने हा त्रास होता. हार्ड डिस्क बदलून झाली होती, टॅली नव्याने टाकून झाली होती. मी गेलो तेव्हा सुदैवाने त्रास चालूच होता.

“दिवाणजी, सर्व्हरची नेटची वायर दोन मिनिटं काढू का?”

“काढा की सर, तसं पण टॅली बंदच हाय.”

वायर काढली आणि डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवरून १९२.१६८.१.५ ला पिंग दिलं, म्हणजे त्या पत्त्यावर कुणी आहे का अशी हाक दिली. वायर माझ्या हातात होती आणि पिंगला उत्तर येत होतं. म्हणजे त्या पत्त्यावर दुसरंच कुणीतरी बसलेलं होतं. मग ‘एआरपी -ए’ दिलं. या कमांडने कोणत्या आयपीमागे कोणता मॅक पत्ता आहे हे दिसतं. मॅक पत्त्यात दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या असतात. पहिल्या जोडीचं दुसरं अक्षर ‘ई’ होतं. ते २, ६, ए किंवा ई यांपैकी असेल तर तो कंपनीने दिलेला खरा मॅक नसतो, उपकरणाने स्वतः तयार केलेला असतो. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून मोबाईल वायफायला जोडताना असा बनवलेला मॅक वापरतात. म्हणजे हा बहुधा मोबाईल. राऊटरच्या यादीत तोच मॅक शोधला तर समोर फोनच्या मॉडेलचं नाव. मालकांच्या पुतण्याचा नवा फोन.

“अण्णा, तुमच्या फोनमध्ये काही बिघाड नाही,” मी त्या पुतण्यांना म्हटलं, कारण ते बिचारे ओशाळले होते. फोनने मागितला तो पत्ता राऊटरने दिला. आज हा फोन, उद्या दुसरा. वायफायचा पासवर्ड बदलणं हा त्याच्यावरचा इलाज नाही. तिथे तो तीनदा बदलून झाला होता, तरी त्रास तसाच होता, कारण पूल तसाच होता.

पिंगच्या बाबतीत एक सावधगिरी. उत्तर आलं तर पत्ता नक्की कुणाकडे तरी आहे. उत्तर आलं नाही तर तो मोकळा आहे असं मात्र समजू नका. विंडोजची फायरवॉल पिंगला गप्प बसवते, झोपलेला मोबाईलही उत्तर देत नाही. पिंग दिल्यावर लगेच ‘एआरपी -ए’ बघा. पिंगला उत्तर न देणारं उपकरणही तिथे बहुतेक वेळा सापडतं. जुनी नोंद दिसत असेल अशी शंका आली तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून ‘एआरपी -डी *’ देऊन यादी पुसा आणि पुन्हा पिंग द्या.

कायमचा इलाज

घाईत असाल तर पूल आवळा, एवढ्यानेच पुष्कळ काम होतं. राऊटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये सुरुवात १०० आणि शेवट १९९ करा. हाताने द्यायचे सगळे पत्ते २ ते ९९ मध्ये ठेवा. सेव्ह करा, राऊटर रीस्टार्ट करा, मोबाईलचं वायफाय एकदा बंद-चालू करा. त्या टॉवेल कारखान्यात मी त्या दिवशी एवढंच केलं आणि टॅली चालू झाली.

पण खालच्या पत्त्यांतही शिस्त लागते. मी सर्व्हर आणि महत्त्वाचे कॉम्प्युटर २ ते १९, प्रिंटर २० ते ३९, कॅमेरे आणि डीव्हीआर ४० ते ५९ असं ठेवतो. तुम्ही वेगळं ठेवा, हरकत नाही. ते कागदावर लिहून राऊटरशेजारी चिकटवा: उपकरणाचं नाव, आयपी, मॅक. मोबाईलमध्ये लिहून ठेवू नका. फोन बदलतो, माणूस नोकरी सोडून जातो, आणि पुढचा माणूस अंदाजाने ५ नंबर टाकतो.

कंपनीतून ठरलेला पत्ता घेऊन येणाऱ्या उपकरणांकडे विशेष लक्ष द्या. हिकव्हिजनचा नवा कॅमेरा १९२.१६८.१.६४ वर येतो, दाहुआचा १९२.१६८.१.१०८ वर, आणि आपल्याकडची बहुतेक हजेरी मशीनं १९२.१६८.१.२०१ वर. २०१ आपल्या पुलाबाहेर आहे म्हणून चालतं. १०८ मात्र बरोबर पुलाच्या आत बसतं. त्यामुळे ‘पूल आवळला तरी कॅमेरा जातो’ अशी तक्रार आली की मी आधी हेच बघतो. हिकव्हिजनचे दोन नवे कॅमेरे एकदम लावले तर दोघंही ६४ वर येऊन आपसातच अडतात. एक लावा, पत्ता बदला, मग दुसरा लावा.

आता हाताने पत्ता द्यायचा की राऊटरमध्ये राखून ठेवायचा? मी राखून ठेवण्याच्या बाजूचा आहे. राऊटरमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘स्टॅटिक लीज’ नावाचं पान असतं. तिथे मॅक पत्ता आणि त्याला हवा तो आयपी लिहायचा, आणि कॉम्प्युटरवर सेटिंग ‘आपोआप’ ठेवायचं. काही राऊटर राखीव पत्ता पुलाच्या आतलाच मागतात, काही बाहेरचाही घेतात. तुमचा जे मागेल ते द्या, आत द्यावा लागला तरी तो इतर कुणाला जात नाही. सगळं वाटप एका जागेवरून झालं की कुठे काय दिलंय हे एकाच पानावर दिसतं. कॉम्प्युटर फॉरमॅट केला तरी पत्ता जात नाही. गेटवे (बाहेर जायचा रस्ता, म्हणजे राऊटरचा पत्ता), डीएनएस (वेबसाईटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देणारा) चुकीचा टाइप होण्याचा प्रश्नच उरत नाही. फक्त वायफायवरच्या लॅपटॉपसाठी पत्ता राखत असाल तर विंडोजमधलं ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेस’ बंद असल्याची खात्री करा, नाहीतर मॅक बदलेल आणि राखलेली जागा रिकामी राहील.

याला एक मोठी अडचण आहे आणि ती सोलापुरात वारंवार दिसते. राऊटर नेटवाल्याचा असतो. त्याचा माणूस येतो, डबा रीसेट करतो किंवा बदलून जातो, आणि तुमचं राखीव पान कोरं होतं. डब्यासोबत अख्खी रेंजही, म्हणजे पत्त्यांचे पहिले तीन आकडे, बदलते: कुठल्या राऊटरचं घर १९२.१६८.१.१, टीपी-लिंकचं बरेचदा १९२.१६८.०.१, जिओफायबरचं १९२.१६८.२९.१. आपोआप पत्ता घेणारे कॉम्प्युटर नव्या रेंजमध्ये जातात. हाताने पत्ता दिलेले सर्व्हर, प्रिंटर, हजेरी मशीन जुन्या रेंजमध्ये अडकून पडतात. इंटरनेट जोरात, टॅली बंद. नेटवाला म्हणतो नेट चालू आहे, टॅलीवाला म्हणतो टॅलीत काही नाही, आणि दोघंही खरंच बोलत असतात.

म्हणून जिथे टॅलीवर धंदा चालतो तिथे मी मालकांना स्वतःचा एक साधा राऊटर घ्यायला लावतो. नेटवाल्याच्या डब्यातून वायर या राऊटरच्या वॅन (बाहेरचं नेट घेणाऱ्या) पोर्टला, आणि ऑफिसातलं सगळं या राऊटरच्या मागे. ऑफिसची रेंज आपण निवडायची, मी १९२.१६८.५०.१ ठेवतो. १९९६ पासून खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांत १९२.१६८ ने सुरू होणारं सगळं येतं, तेव्हा ५० घेण्यात काही गैर नाही. ० किंवा १ घेऊ नका, कारण नेटवाल्याच्या डब्याची आणि तुमच्या राऊटरची रेंज एकच झाली तर नेट चालत नाही, आणि काही राऊटर अशा वेळी आपली आतली रेंज आपणहून बदलतात. मग उद्या कनेक्शन कोणाचंही घ्या, आतला एकही पत्ता हलत नाही.

चालू ऑफिसची रेंज बदलणं हे सुट्टीच्या दिवसाचं काम आहे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला निम्मे कामगार गेलेले असतात, तेव्हा मी असली कामं उरकून घेतो. प्रत्येक प्रिंटर, डीव्हीआर, हजेरी मशीन आणि प्रत्येक कॉम्प्युटरवरचा टॅलीचा पाथ बदलावा लागतो. हजेरी मशीनचा पत्ता त्याच्याच मेनूतून बदलता येतो, पण संगणकावरच्या हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्येही तो बदलायला विसरू नका. पगाराच्या दिवशी ते कळणं फार महाग पडतं. जुन्या रेंजमध्ये अडकलेलं उपकरण गाठायचं असेल तर लॅपटॉप वायरने थेट त्याला जोडा आणि लॅपटॉपला तात्पुरता त्याच रेंजमधला मोकळा पत्ता द्या.

याच घराण्यातले बाकीचे घोळ

दुसरा राऊटर. गोदामात वायफाय पोचत नाही म्हणून जुना राऊटर स्विचला जोडतात आणि त्याचा डीएचसीपी चालूच राहतो. आता पत्ते वाटणारे दोन झाले, कोण आधी पोचेल त्याचा पत्ता. ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ मध्ये ‘डीएचसीपी सर्व्हर’ अशी ओळ असते. दोन कॉम्प्युटरवर ती वेगवेगळी दिसली की हाच प्रकार. जुन्या राऊटरचा डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता पुलाबाहेरचा मोकळा द्या, आणि वायर त्याच्या वॅन पोर्टला न लावता लॅन (आतल्या नेटवर्कच्या) पोर्टला लावा.

टॅली चालते पण इंटरनेट नाही. हाताने पत्ता दिलाय आणि गेटवे किंवा डीएनएस चुकलाय. आधी राऊटरला पिंग द्या, मग ८.८.८.८ ला. राऊटर उत्तर देतो आणि ८.८.८.८ देत नाही तर गेटवे बघा, किंवा बाहेरचं नेटच बंद असेल. ८.८.८.८ उत्तर देतो पण एकही वेबसाईट उघडत नाही, तर डीएनएस. डीएनएसच्या जागी राऊटरचा पत्ता किंवा ८.८.८.८ चालतो.

विंडोज १० च्या नव्या सेटिंग पानावर पत्ता सेव्हच होत नाही, अशीही तक्रार येते. ते पान सबनेट मास्क न मागता ‘सबनेट प्रीफिक्स लेंथ’ मागतं. तिथे २५५.२५५.२५५.० टाकलं की ते नाकारतं, २४ टाका. त्यापेक्षा रन मध्ये ‘एनसीपीए.सीपीएल’ देऊन जुनी खिडकी उघडणं सोपं.

लॅन कार्ड बदलल्यावर ‘हा पत्ता दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला आहे’ असा निरोप येतो. जुनं कार्ड काढून टाकलं तरी विंडोजमध्ये त्याची नोंद आणि पत्ता शिल्लक असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘शो हिडन डिव्हायसेस’ करा, फिकट दिसणारं जुनं कार्ड अनइन्स्टॉल करा.

प्रिंटरचा पत्ता बरोबर आहे, पिंगला उत्तर देतो, तरी ‘ऑफलाईन’. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पोर्ट्स’ उघडा. बहुतेकदा पोर्ट अजून जुन्याच आयपीचा असतो. तो बरोबर असेल तर ‘कॉन्फिगर पोर्ट’ मध्ये ‘एसएनएमपी स्टेटस’ ची खूण काढून बघा.

काही मालक म्हणतात, ‘नेटवाल्याकडून स्टॅटिक आयपी विकत घेऊ, मग हा त्रास जाईल ना?’ नाही जाणार. तो बाहेरच्या जगासाठीचा पत्ता, घरबसल्या कारखान्याचे कॅमेरे थेट बघण्यासारख्या कामाचा. आतल्या टॅलीचा, प्रिंटरचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्यावर पैसे घालण्याआधी राऊटरचा पूल बघा.

आणि राऊटर बदलल्यावर पत्ते सगळे बरोबर, पिंग एका बाजूने जातं, शेअर केलेलं फोल्डर मात्र उघडत नाही, असं झालं तर सर्व्हरवर नेटवर्कचा प्रकार बघा. नवा राऊटर दिसला की विंडोज त्याला नवं नेटवर्क समजतं, पुष्कळदा ‘पब्लिक’ ठरवतं आणि शेअरिंगचे दरवाजे बंद करतं. सेटिंगमध्ये जाऊन ते ‘प्रायव्हेट’ करा, मग दुसऱ्या कॉम्प्युटरवरून टॅलीचा पाथ पुन्हा उघडून बघा.